न सापडलेल्याची गोष्ट

गेल्या महिन्यात आमच्या एका क्लायंटची सिस्टीम दर चार-पाच तासांनी झोपायला लागली. रीस्टार्ट केली की पुन्हा टुणटुणीत. मी संध्याकाळी सात वाजता गूगल उघडलं आणि रात्री साडेअकरापर्यंत तेच करत बसलो होतो. 'सर्व्हर अचानक हँग होतो', 'काही तासांनी अ‍ॅप्लिकेशन स्लो', 'रीस्टार्ट केल्यावर नीट चालतं'... (हे सगळं अर्थात इंग्रजीतून.) लाखो रिझल्ट्स, आणि जो उघडावा त्यात 'मेमरी वाढवून बघा' छापाचा सल्ला. मेमरी वाढवून बघितली. ढिम्म.

शेवटी टीममधली एक सीनियर माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसली. तिने गूगलला हातच लावला नाही. आधी मशीनवरची उघडी कनेक्शन्स बघितली. शेकडो कनेक्शन्स 'क्लोज-वेट' नावाच्या अवस्थेत अडकून पडली होती. तो एक शब्द आणि आम्ही वापरत असलेल्या लायब्ररीचं नाव, एवढंच तिने टाइप केलं. तिसरा रिझल्ट म्हणजे आमचाच प्रॉब्लेम, उत्तरासकट. एकूण वेळ सात-आठ मिनिटं.

"अरे, तू तुझी तक्रार शोधत बसला होतास," ती म्हणाली. "ज्याने उत्तर लिहून ठेवलंय त्याला तुझी तक्रार कुठे माहितीये? त्याने कुठले शब्द लिहिले असतील ते शोधायचं."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सर्च ट्री, हॅशिंग, सगळं शिकलो. पण शोधायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. रोज दिवसाला पन्नास वेळा जी गोष्ट करतो ती आपल्याला येते असं धरूनच चाललेलो असतो आपण. म्हटलं बघू तरी, हे शहाणपण आलं कुठून. दोन विकांत त्यात गेले. आणि कळलं ते असं की गूगल जन्मायच्या कितीतरी आधी लोकांना हे ठाऊक होतं, आणि त्यातलं बरंचसं ठेच लागूनच कळलेलं होतं.

सगळ्यात मोठी ठेच एका न थांबलेल्या ट्रेनच्या खटल्यातली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास बार्ट नावाची रेल्वे आहे. १९७२ साली सुरू झाली तेव्हा ती संगणकाने चालणारी म्हणून गाजत होती. त्या संगणकाने चालणारी एक गाडी शेवटच्या स्टेशनला थांबलीच नाही आणि अपघात झाला. कोर्टकचेरी सुरू झाली. खटल्याची कागदपत्रं किती? सुमारे ४० हजार दस्तऐवज, साधारण साडेतीन लाख पानं. ती सगळी संगणकात भरली गेली आणि आयबीएमच्या 'स्टेअर्स' या सिस्टीमवर वकिलांना शब्द टाकून शोधता येऊ लागली. त्या काळात ही मोठीच चैन.

डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोन संशोधकांनी ठरवलं की हे प्रकरण मोजून बघायचं. वकिलांनी आधीच सांगितलं होतं की बचाव नीट करायचा तर उपयोगाच्या कागदांपैकी निदान ७५ टक्के तरी हाताला लागले पाहिजेत. ५१ वेगवेगळे प्रश्न घेतले. शोध घेणारे सराईत होते. वकिलांचं समाधान होईपर्यंत, म्हणजे 'हं, आता बहुतेक सगळं आलं' असं ते म्हणेपर्यंत, शब्द बदलून बदलून शोध चालू ठेवायचा. मग या दोघांनी न सापडलेल्या ढिगातून नमुने काढून, ते कुठून आले हे न सांगता वकिलांपुढे ठेवले आणि विचारलं, हे कामाचे आहेत का?

१९८५ मध्ये निकाल छापून आला. वकिलांना वाटत होतं ७५ टक्के सापडलेत. प्रत्यक्षात सापडले होते सरासरी २० टक्के. पाचात एक!

मला यातला दुसरा आकडा जास्त भीतीदायक वाटतो. जे कागद स्क्रीनवर आले होते त्यातले साधारण ७९ टक्के खरोखरच कामाचे होते. म्हणजे समोर जे दिसत होतं ते चांगलंच दिसत होतं. कचरा आला असता तर शंका तरी आली असती. पण चांगले, नेमके, कामाचे कागद पटापट येतायत म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल? जे आलं नाही ते कुणाला दिसतं?

हे झालं कसं? वकील शोधत होते 'अपघात'. पण रेल्वेच्या बाजूचे लोक आपल्या पत्रांत अपघाताला अपघात कशाला म्हणतील? ते लिहायचे 'ती दुर्दैवी घटना'. ज्यांना लागलं त्यांच्या बाजूचे लोक लिहायचे 'भयंकर आपत्ती'. इंजिनिअर मंडळी लिहायची 'अडचण', 'प्रॉब्लेम', नाहीतर नुसतंच 'त्या परिस्थितीबद्दल'. (आपल्या ऑफिसातल्या मेल आठवा. सिस्टीम कोसळली असं कुणी लिहितं का? 'इश्यू' होता, 'ऑब्झर्वेशन' होतं.) काही कागदांत तर यातला एकही शब्द नव्हता, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही विषय ठाऊक होता. एका तांत्रिक भागाची तर वेगवेगळ्या लोकांनी इतकी वेगवेगळी नावं ठेवली होती की एक नाव सापडलं की त्या कागदातून दुसरं निघायचं, दुसऱ्यातून तिसरं. चाळीस तास शोधल्यावर थांबले. शोध संपला म्हणून नव्हे, वेळ संपला म्हणून.

दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, जॉर्ज फर्नस आणि सहकाऱ्यांनी याचीच दुसरी बाजू मोजली. लोकांना एखादी वस्तू किंवा कृती दाखवायची आणि विचारायचं, याला काय नाव द्याल? स्वयंपाकापासून संगणकाच्या कमांडपर्यंत सगळ्याची नावं विचारून झाली. दोन माणसांनी आपापलं एक शब्दाचं नाव दिलं तर ते जुळण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. याला त्यांनी शब्दसंग्रहाचा प्रश्न म्हटलं. आपल्याकडे तर एका घरात सासू 'पातेलं' म्हणते आणि सून 'टोप', त्यामुळे आपल्याला हे नवीन नाही. पण सर्च बॉक्ससमोर बसलो की आपण हे साफ विसरतो.

आता जरा मागे जाऊ, कारण हा सगळा घोळ ज्या यंत्रामुळे होतो ते यंत्र संगणकाच्या फार आधीचं आहे. सर्च इंजिन तुम्ही शोधायला लागल्यावर पानं वाचत बसत नाही. त्याने आधीच प्रत्येक शब्दाची एक यादी करून ठेवलेली असते: हा शब्द अमुक पानावर, तमुक पानावर. आपण शब्द टाकला की त्या यादीतला तो कप्पा उघडतो. याला इन्व्हर्टेड इंडेक्स म्हणतात आणि ऐकायला एकदम मॉडर्न वाटतं. पण तेराव्या शतकात पॅरिसला ह्यू ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली डॉमिनिकन साधूंनी लॅटिन बायबलची अशीच यादी हाताने बनवली होती. (पाचशे साधू राबत होते असं सांगतात. आकड्याचं काही खरं नाही, पण अख्खं फ्लोअर भरून टीम असणार!) त्या यादीत शब्द आणि त्याची जागा एवढंच होतं, आजूबाजूचं वाक्य नव्हतं. त्यामुळे एखादा नेहमीचा शब्द शोधला की शेकडो जागा, आणि प्रत्येक जागा उघडून बघायची. सर्च रिझल्टमध्ये दुव्याखाली दोन ओळी दिसतात ना, त्यांची किंमत यावरून कळावी.

आणि पॅरिसपर्यंत तरी कशाला जायचं? पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे पंधराशे ग्रंथ निवडायचे, त्यातले शब्द आणि ते कुठे आले ते चिठ्ठ्यांवर उतरवायचे, आणि चिठ्ठ्या वर्णानुक्रमाने लोखंडी कपाटांतल्या खणांत लावायच्या. अशा साधारण एक कोटी चिठ्ठ्या तिथे आहेत. हा हाताने बनवलेला इन्व्हर्टेड इंडेक्सच की! येरवड्याच्या पुलापलीकडच्या आयटी पार्कांत आपण ज्याचे सर्व्हर चालवतो तीच कल्पना लोखंडी कपाटात. फरक एवढाच की तिथल्या पंडिताला 'जल' शोधताना 'वारि', 'तोय', 'सलिल' याही खणांत हात घालायचा असतो हे पाठ असतं. आपल्याला ते कुणी सांगत नाही.

संगणकावर शोधायच्या पहिल्या पिढीत हे सांगणारा माणूस होता. १९७२ मध्ये 'डायलॉग' ही सेवा व्यावसायिक स्वरूपात सुरू झाली. लॉकहीड कंपनीत रॉजर समिट यांनी साठच्या दशकात ती उभी केली होती. टर्मिनलवरून दूरच्या संगणकातले संशोधनाचे डेटाबेस शोधता यायचे, पण जोडलेल्या वेळाचे पैसे पडायचे. टॅक्सीच्या मीटरसारखं! त्यामुळे सामान्य माणूस तिथे बसायचाच नाही. बसायचे ग्रंथपाल, आणि तेही आधी कागदावर सगळी तयारी करून. प्रश्नातल्या कल्पना वेगळ्या करायच्या. प्रत्येक कल्पनेची जेवढी नावं सुचतील तेवढी लिहून काढायची, ती 'किंवा'ने जोडायची, आणि मग असे गठ्ठे 'आणि'ने जोडायचे. दुसरी युक्ती म्हणजे आधी एकच चांगला लेख मिळवायचा, त्याला विषयाचे कुठले शब्द लावलेत ते बघायचं, आणि त्या शब्दांनी पुन्हा शोधायचं. शिंपल्यात मोती वाढतो तसा शोध वाढवायचा, म्हणून त्याला मोती वाढवणं म्हणत. आमच्या सीनियरने मशीनमधून 'क्लोज-वेट' उचलला तो याच जातीचा प्रकार.

ग्रंथपाल आणखी एक करायचे. समोरच्याला उलट प्रश्न विचारायचे. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये यावर एक लेख लिहिला होता, तो मला भलताच आवडला. ते म्हणतात, माणसाच्या प्रश्नाच्या चार अवस्था असतात. आधी नुसती पोटातली अस्वस्थता. मग मनात धूसर वर्णन. मग नीट मांडलेला प्रश्न. आणि शेवटी त्या यंत्रणेला झेपेल असं वाटून छाटलेला प्रश्न. काउंटरवर माणूस हा चौथा प्रश्न घेऊन येतो. 'हृदयरोगावरची पुस्तकं कुठे आहेत?' असं विचारतो, आणि त्याला खरं हवं असतं की वडिलांना कालपासून दिलेली गोळी आणि त्यांचा खोकला यांचा संबंध आहे का. चांगला ग्रंथपाल त्याला चौथ्यावरून हळूच तिसऱ्यावर, दुसऱ्यावर नेतो. सर्च बॉक्स नेत नाही. तो बिचारा चौथ्यालाच खरा मानतो.

याच काळात केंब्रिजमध्ये कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली एक साधी गोष्ट मांडली. जो शब्द कमी दस्तऐवजांत येतो त्याचं वजन जास्त धरा. 'प्रॉब्लेम' सगळीकडे आहे, 'क्लोज-वेट' थोड्या ठिकाणी. तो थोड्या ठिकाणचा शब्दच आपल्याला घरी पोचवतो. पुढची कित्येक दशकं जगातली सर्च इंजिनं कुठल्या ना कुठल्या रूपात या सूत्रावर चालली. या बाईंचं नाव आपल्या सिलॅबसमध्ये का नव्हतं हे मला कळलेलं नाही. असो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे रे, एखादा बग सात मिनिटांऐवजी पाच तासांत सापडला, एवढं काय? तर २००१ ची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याबद्दल एक प्रयोग चालू होता. निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम नावाचं औषध श्वासातून द्यायचं आणि श्वासनलिकांवर काय परिणाम होतो ते बघायचं. हे औषध एके काळी रक्तदाबासाठी वापरलं जायचं, नंतर मागे पडलं. स्वयंसेवकांत एक २४ वर्षांची तरुणी होती, तिथल्याच दमा केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करणारी. औषध घेतल्यावर तिला खोकला सुरू झाला, मग ताप, मग फुप्फुसं निकामी होत गेली. २ जून २००१ ला ती गेली. जुलैमध्ये अमेरिकन सरकारने त्या विद्यापीठातले सरकारी पैशावर चालणारे, माणसांवरचे जवळजवळ सगळे प्रयोग काही दिवसांसाठी थांबवले.

प्रयोग करणाऱ्यांनी आधी शोध घेतला नव्हता असं नाही. घेतला होता. पबमेडवर शोधलं, पाठ्यपुस्तक बघितलं. धोक्याचं काही आलं नाही. पण पबमेडमध्ये तेव्हा साधारण १९६६ पासूनच्याच लेखांच्या नोंदी होत्या. हेक्सामेथोनियम घेणाऱ्या रुग्णांच्या फुप्फुसांना इजा होते असं सांगणारे लेख होते १९५० च्या दशकातले. ते छापील सूचींमध्ये होते, ग्रंथालयाच्या शेल्फवर होते, शोधणाऱ्याच्या स्क्रीनवर मात्र नव्हते. नंतर वैद्यकीय ग्रंथपालांनी ते शोधून दाखवले.

इथे शब्द चुकला नव्हता. शब्द बरोबरच होता, कप्पा रिकामा होता. पण शोधणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. 'काही सापडलं नाही' याचे दोन अर्थ होतात, 'असं काही नाहीच' आणि 'मी बघितलं तिथे नाही', आणि स्क्रीन दोन्हींसाठी तेच एक वाक्य दाखवते. (पन्नासच्या दशकातल्या नोंदी आज पबमेडमध्ये आहेत. पण कुठल्याही डेटाबेसच्या कुठेतरी कोपऱ्यात 'यात काय आहे आणि कधीपासूनचं आहे' असं एक कंटाळवाणं पान असतं. ते मी आता आधी वाचतो.)

वेब आलं तेव्हा हे सगळं जुनं शहाणपण धुऊन निघालं. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा सुरू झालं, पानातला शब्द न् शब्द इंडेक्स करणारं, आणि फुकट. मीटर बंद झाल्यावर आधी कागदावर तयारी कोण करणार? अल्टाव्हिस्टात 'नियर' सारखे छान ऑपरेटर होते, म्हणजे हा शब्द त्या शब्दाच्या जवळपास असलेली पानं द्या. पण लोक एक-दोन शब्द टाकून मोकळे. आणि पानं बनवणारे लोकही हुशार. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात शंभर वेळा हवा तो शब्द लिहून ठेवायचे. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांच्या १९९८ च्या पेपरात एक मजेशीर नोंद आहे: नोव्हेंबर १९९७ मध्ये चार आघाडीच्या सर्च इंजिनांपैकी फक्त एकाला स्वतःचं नाव टाकलं तर स्वतःचं पान पहिल्या दहात सापडत होतं.

गूगलचं म्हटलं की सगळे पेजरँकबद्दल बोलतात. माझ्या मते शब्दांच्या प्रश्नापुरतं बघायचं तर त्याच पेपरातली दुसरी कल्पना जास्त महत्त्वाची आहे. दुसऱ्यांनी तुमच्या पानाकडे दुवा देताना जे शब्द वापरले तेही तुमच्याच पानाच्या खात्यात जमा करायचे. म्हणजे लिहिणाऱ्याने 'दुर्दैवी घटना' लिहिलं असेल, पण दुवा देणाऱ्याने 'अपघात' म्हटलं, तर 'अपघात' शोधणाऱ्यालाही ते पान मिळणार. रेल्वेच्या वकिलांना हेच हवं होतं! अर्थात त्याचाही खेळ झालाच. २००३ पासून काही वर्षं 'दयनीय अपयश' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द शोधले की राष्ट्राध्यक्ष बुश यांचं अधिकृत पान वर यायचं, कारण लोकांनी ठरवून तसे दुवे दिले होते. त्या पानावर ते शब्द नव्हतेच. २००७ मध्ये गूगलने ते बंद केलं.

पुढे सर्च इंजिनंच आपले शब्द बदलायला लागली. समानार्थी शब्द, मग २०१५ चं रँकब्रेन, २०१९ चं बर्ट. नव्वद टक्के वेळा हे वरदानच आहे, खोटं कशाला बोलू. पण तो बदल गुपचूप होतो, आणि नेमका शब्द हवा असतो तेव्हाच नडतो. २०११ मध्ये गूगलने अधिकचं चिन्ह काढून टाकलं आणि काही आठवड्यांनी टूल्सच्या आत 'व्हर्बेटिम' नावाचा पर्याय दिला. तो आणि अवतरणचिन्हं एवढीच आपली शस्त्रं. आणि आता तर एआय थेट उत्तरच लिहून देतो, गुळगुळीत वाक्यांत. ब्लेअर आणि मॅरनचा तो ७९ टक्क्यांचा आकडा मला हल्ली ते वाचतानाच जास्त आठवतो.

हे सगळं मराठीत अजून गमतीदार होतं. २००० च्या दशकात बऱ्याच मराठी वृत्तपत्रांच्या साइट स्वतःचे फाँट वापरायच्या. दिसायला मराठी, पण आत साठवलेली अक्षरं भलतीच. तो फाँट नसेल तर पान म्हणजे खिचडी, आणि सर्च इंजिनला ते कायमच खिचडी. त्या काळातल्या कित्येक बातम्या युनिकोडमध्ये शोधून सापडणारच नाहीत. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, त्यामुळे ही मंडळी कशी काम करत असतील याची मला कल्पनाच करवत नाही. मग आपली विभक्ती. 'बांध' अवतरणचिन्हांत शोधलात तर 'बांधाची', 'बांधावर' सुटू शकतात. आणि जुनं मराठी शोधायचं असेल तर जुने अनुस्वार देऊन बघायचे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढले, पण त्याआधीच्या पुस्तकांत 'नांव', 'गांव', 'कांहीं' असंच आहे. इंग्रजीत तर 'पूना', 'शोलापूर', 'बसीन' ही स्पेलिंगं. १९९५ च्या आधीची 'मुंबई' इंग्रजीत शोधून फारसं हाती लागत नाही.

आता आजोबांचं सांगतो. आमचं मूळ गाव पेण तालुक्यात, खाडीच्या काठाला. गेल्या दिवाळीत आजोबांनी विचारलं, "तू एवढा इंटरनेटवाला, मला एक बघून सांग. खाडीचा तो बाहेरचा बांध आपला होता की सरकारचा?" त्यांच्या लहानपणापासून घरात यावरून वाद होता. बांध फुटून खारं पाणी शेतात आलं तर दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा? त्यांच्या वडिलांनी त्या पायी कर्ज काढलं होतं, आणि चुलत्यांनी एक पैसा दिला नव्हता. दोन्ही घरांचं अजून बोलणं नाही.

मी तेव्हा अर्धा तास शोधलं आणि "ऑनलाइन काही नाही आजोबा" असं सांगून मोकळा झालो होतो.

या विकांताला पुन्हा बसलो. तेव्हा मी इंग्रजीत 'पेण' टाकलं होतं. साहजिकच जगभरातली फाउंटन पेनं आली होती. 'रायगड' टाकलं होतं, तर किल्ला. यावेळी डोक्यात प्रकाश पडला की १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव रायगड नव्हतंच, कुलाबा होतं. कुलाबा टाकलं तर सर्च इंजिनने परस्पर दुरुस्ती करून मला दक्षिण मुंबईतली रेस्टॉरंटं दाखवली. अवतरणचिन्हं घातली. मग बाबांना फोन करून ट्रंकेतल्या जुन्या कागदांचे फोटो मागवले. मोडी मला वाचता येत नाही, पण एक कागद बाळबोधीत होता आणि त्यात एक शब्द दोनदा आला होता: शिलोत्री.

घरात हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो आणि कुलाबा, एवढंच टाकलं. मोजके रिझल्ट्स, त्यात १८८३ चं कुलाबा आणि जंजिऱ्याचं गॅझेटियर. खाडीला बांध घालून जमीन मिळवायची, बाहेरच्या बांधाची देखभाल शिलोत्रीदाराने करायची आणि त्याबद्दल कुळांकडून जादा हिस्सा घ्यायचा, अशी ती पद्धत. म्हणजे बांध सरकारचा नाही, आणि सगळ्या शेतकऱ्यांचाही सारखा नाही. शिलोत्री कुणाकडे होती यावर सगळं अवलंबून.

रविवारी संध्याकाळी आजोबांना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शिलोत्री कागदावर रे. घरात आम्ही बंदिस्ती म्हणायचो. बंदिस्तीचं काय लिहिलंय ते बघ."

बघतोय.